उजवा म्हणजे डावा

कोपरखैरणे, सेक्टर अठरा.
सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा
खुर्च्या एकावर एक रचायच्या,
कुणाच्या तरी बारशाचे राहिलेले फुगे काढायचे,
आणि फरशीवरून आधी आपणच अनवाणी एक फेरी मारायची.
टाचणी, काचेचा कण, काय असेल ते
पोरींच्या आधी आपल्या पायाला लागू दे.
हे माणिकताईंनी कधी सांगितलं नाही.
पंधरा वर्षं त्यांना तसं करताना बघितलं
आणि वाटायचं, बाई उगाच येरझाऱ्या घालतात.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि वर्ग माझ्याकडे आला.
तीन महिने. नुसता सांभाळायला.
पहिल्या दिवशी मी नाचून दाखवलं:
परण, चक्कर, तिहाई अगदी समेवर.
पोरींनी टाळ्या वाजवल्या.
शिकलं कुणीच काही नाही.
शेवटच्या रांगेतली घरतांची रेवा म्हणाली,
"ताई, तुम्ही जरा थांबा ना,
म्हणजे आम्हाला दिसेल."

थांबायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

रात्री फोन केला.
काय शिकवलंस, हे ताईंनी विचारलं नाही.
"कोण आलं नव्हतं?
आणि कुट्टींची धाकटी अजून भिंतीला टेकूनच उभी असते का?"
मी लक्ष दिलं नव्हतं.
"बरं. उद्या फोन फरशीवर ठेव."

ठेवला.
ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्,
बत्तीस पावलं, हॉलभर धूळ,
आणि वाशीतल्या पलंगावरून आवाज,
"एकीचे घुंगरू सैल आहेत.
आणि खिडकीच्या अंगाला कुणीतरी
खाली आली की घाबरतंय."

खिडकीपाशी हर्षल. वर्गातला एकुलता मुलगा.
"त्याला काही बोलू नकोस.
शेजारी उभी राहा आणि तूच चूक."

मी चुकले.
आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, मात्रा मोजून, चुकले.
(बरोबर चुकायला चार वेळा सराव करावा लागला, घरी, मोरीत.)
तो हसला.
पुढच्या आवर्तनात त्यानंच मला सांभाळून घेतलं.

रेवाची आई दारात विचारते,
हिला पुढच्या रांगेत कधी घेणार?
मला अजून उत्तर येत नाही.
ताईंनी आधी पाणी विचारलं असतं,
मग गावची चौकशी,
आणि तोवर रेवाच चप्पल घालून निघाली असती.

पण सगळ्यांत जड गेलं ते अगदी साधं.
मुलांकडे तोंड करून उभं राहायचं,
म्हणायचं उजवा
आणि उचलायचा डावा.
या हॉलला आरसा नाही. आरसा आपण व्हायचं.
इतकी वर्षं मी आरशात बघूनच नाचले,
त्याच्या बाजूनं कसं दिसत असेल
हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

सुरुवातीला पाय भांडायचे तोंडाशी.
आता भांडत नाहीत.
आता भलतंच होतं:
भाजीवाल्याला पैसे भलत्या हातानं,
किल्ली उलटी फिरते,
आणि मग आठवतात ताई, डबा उघडताना
झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं यात अडखळणाऱ्या.
आम्ही मागे उभ्या राहून फिदीफिदी हसायचो.

परवा रिक्षात म्हटलं, "पुढून डावीकडे."
हात मात्र उजवीकडे, ठाम, मुद्रेसकट.
रिक्षावाल्यानं चौकातच ब्रेक मारला.
मागून हॉर्न.
तो अख्खा वळला, माझ्याकडे तोंड करून,
पहिल्या दिवशीच्या मुलासारखा,
"मॅडम, नक्की कुठे?"

"थांबा," म्हटलं,
"तुमच्या बाजूनं सांगते."